‘पायथागोरियन’ या शब्दाचा अर्थ



पायथागोरस हे नाव उच्चारताच शाळेतील भूमितीचा काटकोन त्रिकोण डोळ्यांपुढे उभा राहतो. कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे विधान लहानपणी घोकून घेतलेले असते आणि त्या ग्रीक तत्त्वज्ञाची ओळख बहुधा तेथेच संपते. वास्तविक हे प्रमेय त्याच्या कित्येक शतके आधी बॅबिलोनियात ज्ञात होते आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रातही ते आढळते. ते त्याच्या खात्यावर कसे जमा झाले, हा गणिताच्या इतिहासाचा प्रश्न आहे. आजचा विषय निराळा आहे. या नावापासून घडलेला ‘पायथागोरियन’ हा शब्द इंग्रजीत आणि युरोपातील इतर भाषांत सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका वेगळ्याच अर्थाने वापरला जात होता. जो मांस खात नाही, तो पायथागोरियन. ‘व्हेजिटेरियन’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

या शब्दाशी जैन समाजाचे नाते केवळ समान आहारापुरते नाही. सतराव्या शतकात सुरत, खंभात या बंदरांत जे युरोपीय प्रवासी उतरले, त्यांना तेथील वाणी समाजाचे आचरण विलक्षण वाटले. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२३ मध्ये खंभातला आजारी पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले आणि त्याचे वर्णन मायदेशी लिहून पाठविले. जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने १६८९ मधील आपल्या सुरतेच्या सफरीच्या वृत्तांतात तेथील जीवदयेची हकीकत दिली आहे. परंतु जीवजंतूसाठी पांजरपोळ चालविणारी ही माणसे कोण, हे मायदेशीच्या वाचकांना सांगायचे कसे? त्यांच्या ओळखीचे एकच नाव हाताशी होते. म्हणून या लोकांचा आचार पायथागोरसच्या मतासारखा आहे, असे स्पष्टीकरण वारंवार दिले गेले. जैन हा बौद्धांहून स्वतंत्र आणि प्राचीन धर्म आहे, हे हर्मन याकोबी यांनी १८७९ च्या कल्पसूत्राच्या आवृत्तीत आणि पुढे १८८४ मध्ये आगमांच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत साधार मांडले. त्याच्या अडीचशे वर्षे आधीपासून श्रावकांचा आचार युरोपात एका ग्रीक माणसाच्या नावाने ओळखला जात होता. तेव्हा त्या नावात नेमका कोणता अर्थ भरलेला होता, हे तपासणे अगत्याचे ठरते.

पायथागोरसचा जन्म इसवी सनापूर्वी ५७० च्या सुमारास सामोस बेटावर झाला. चाळिशीच्या आसपास तो दक्षिण इटलीतील क्रोटोन या नगरात गेला आणि तेथे त्याने अनुयायांचा एक संघ उभारला. परंपरेने भगवान महावीरांचा काळ इसवी सनापूर्वी ५९९ ते ५२७ असा मानला जातो. म्हणजे दोघांचे आयुष्य काही काळ तरी एकाच वेळी चालू होते. या योगायोगावरून पायथागोरस भारतात आला होता, एवढेच नव्हे तर त्याने जैन मुनींकडून दीक्षा घेतली होती, असे विधान अनेकदा मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. त्याला पुरावा नाही. पायथागोरसने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही, आणि त्याच्या पूर्वेकडील प्रवासाच्या कथा त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ शतकांनी रचलेल्या ग्रंथांत येतात. जैन विचाराची थोरवी एखाद्या ग्रीकाला शिष्य करून घेतल्याने वाढत नाही आणि न घेतल्याने उणावतही नाही. ज्या ग्रंथांत एकेक विधान नयाच्या काट्यावर तोलले जाते, त्यांच्या वारसांनी तरी ऐकीव गोष्टीला इतिहास म्हणू नये.

जे विश्वसनीय आहे, तेही कमी मोलाचे नाही. झेनोफेनिस हा कवी पायथागोरसचा जवळजवळ समकालीन. त्याने एक प्रसंग सांगितला आहे. कोणी एक जण कुत्र्याच्या पिलाला मारीत होता. वाटेने जाणारा पायथागोरस त्याला म्हणाला, थांब, मारू नकोस. याच्या केकाटण्यात मला माझ्या दिवंगत मित्राचा आवाज ओळखू आला. झेनोफेनिसने हा प्रसंग थट्टेने सांगितला आहे आणि म्हणूनच तो साक्ष म्हणून अधिक भरवशाचा. स्तुती करणारा शिष्य रचून सांगू शकतो. टवाळी करणाऱ्याला तसे कारण नसते. या प्रसंगावरून एवढे निश्चित होते की आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, तो मनुष्ययोनीतून पशुयोनीत जाऊ शकतो आणि म्हणून पशूला मारणे हे आप्ताला मारण्यासारखे आहे, ही शिकवण त्याच्या हयातीतच त्याच्या नावाशी जोडली गेली होती. सिसिलीतील एम्पेडोक्लीस याने पुढच्या शतकात हाच विचार अधिक भेदक केला: बलिवेदीपाशी बाप पशू समजून आपल्याच रूप पालटलेल्या मुलावर शस्त्र चालवितो आहे, असे चित्र त्याने उभे केले.

येथे जैन श्रोत्याला आपले घर दिसू लागते. परंतु उंबरठ्यावरच एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ग्रीक विचारात पशूला वाचविण्याचे कारण असे की त्यात कदाचित आपलाच कोणी असेल. जैन विचारात तो आपला कोणी असण्याची आवश्यकताच नाही. तो जीव आहे, त्याला दुःख नको आहे, एवढे पुरे. शिवाय पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती यांतील एकेंद्रिय जीवांपर्यंत ही जाणीव ज्या काटेकोरपणे पोहोचविली गेली, तिला ग्रीक परंपरेत तोड नाही. क्रोटोनच्या संघात बाकल्याच्या शेंगांवर कडक बंदी होती. तिचा मेळ कोणी कंदमुळांच्या त्यागाशी घालू पाहील. पण त्या बंदीची कारणे प्राचीन लेखकांनीच इतकी भिन्नभिन्न दिली आहेत की त्यांतील एकावर बोट ठेवता येत नाही.

आता प्रश्न असा की स्वतः पायथागोरस मांस खात होता की नाही? ज्याच्या नावाने मांसत्यागी माणसे ओळखली गेली, त्याच्याविषयी हा प्रश्न विचारावा लागावा, हे थोडे चमत्कारिकच. पण प्राचीन काळापासूनच याविषयी मतभेद आहेत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील अरिस्टोक्सेनस सांगतो की त्याने फक्त नांगराचा बैल आणि मेंढा वर्ज्य केला होता, बाकीचे चालत असे. इतर काही लेखक म्हणतात, त्याने मांसाला स्पर्शही केला नाही. ग्रीक समाजात मांस हा बहुधा यज्ञाचा भाग असे. देवाला बळी देणे हा नागरिकाचा धर्म होता. मांस सोडणे म्हणजे नगराच्या सार्वजनिक पूजेतून बाहेर पडणे. त्यामुळे काही अनुयायांनी मधला मार्ग काढला असावा, हे समजण्यासारखे आहे.

याच संदर्भात एक आख्यायिका येते. त्रिकोणाचे ते प्रसिद्ध प्रमेय सिद्ध झाल्याच्या आनंदात पायथागोरसने देवाला बैल बळी दिला, असे एका जुन्या लेखकाने लिहून ठेवले होते. ज्याने बळी निषिद्ध मानला, त्यानेच बळी द्यावा? सिसेरोने ही गोष्ट खरी मानण्यास नकार दिला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात पायथागोरसचे चरित्र लिहिणाऱ्या पॉर्फिरीने दुसरी वाट धरली. बैल दिला हे खरे, पण तो कणकेचा होता, असे अधिक नेमके लिहिणारे सांगतात, अशी त्याची नोंद आहे. एम्पेडोक्लीसच्या नावावरही मध आणि जवाच्या पिठाचा बैल अर्पण केल्याची कथा आहे. पॉर्फिरीच्या दृष्टीने कणकेच्या बैलाने सारा पेच सुटला: पूजाही झाली आणि रक्तही सांडले नाही.

हा कणकेचा बैल ऐकताच ज्याच्या मनात पिठाचा कोंबडा उभा राहणार नाही, असा स्वाध्यायी श्रावक विरळा. यशोधर राजाची कथा सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ चंपूत सांगितली आहे आणि त्याच शतकात मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजधानीत महाकवी पुष्पदंतांनी ती ‘जसहरचरिउ’मध्ये अपभ्रंशात गायिली आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला जिवंत पशूंचा बळी द्यावा, असा राजमातेचा आग्रह. राजाचे मन जीवहिंसेला तयार नाही. मातेचा शब्दही मोडवत नाही. अखेर तडजोड निघते, पिठाचा कोंबडा करून तो बळी द्यावा. तसे केले जाते. बाहेरून पाहता एकाही जीवाला इजा झालेली नाही. तरीही मायलेकांना मोर, श्वान अशा तिर्यंच योनींतून भवामागून भव दुःख भोगीत फिरावे लागते. कारण शस्त्र पिठावर चालले, पण संकल्प कोंबडा मारण्याचा होता.

एकाच युक्तीकडे दोन परंपरा किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे येथे दिसते. पॉर्फिरीच्या लेखी पिठाची मूर्ती हिंसेपासून सुटका आहे. सोमदेवसूरींच्या लेखी तीच संकल्पी हिंसेची साक्ष आहे. जैन आचाराला ‘पायथागोरियन’ म्हणणाऱ्या प्रवाशांना हा फरक ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. त्यांनी ताट पाहिले. ताटामागचे भाव पाहण्याइतकी भाषा त्यांच्यापाशी नव्हती. पॉर्फिरीवर मात्र या एका नोंदीवरून अन्याय होऊ नये. प्राणिहत्येपासून विरतीविषयी त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच्या चौथ्या भागात भारतातील ब्राह्मण आणि ‘समनाई’ म्हणजे श्रमण यांच्या संयमी जीवनाचा आदराने उल्लेख केला आहे.

रोममध्ये या शब्दाला धोक्याची छटाही आली. तत्त्वज्ञ सेनेका तरुणपणी सोटिओन नावाच्या गुरूच्या सहवासात आला. गुरूने पायथागोरसचे मत समजावून सांगितले आणि पुढे असेही म्हटले की आत्मे देहान्तर करतात हे खरे असेल तर मांस सोडल्याने पापातून सुटशील; खोटे असेल तर मितव्यय तरी घडेल, तोटा कशात आहे? सेनेकाने मांस सोडले. वर्षभरात त्याला त्याची गोडी लागली, मन अधिक हलके झाल्यासारखे वाटले. परंतु टायबेरियस सम्राटाच्या काळात परक्या पंथांवर संशयाची नजर होती आणि विशिष्ट प्राण्यांचे मांस न खाणे हा अशा पंथाचा पुरावा समजला जाई. वडिलांनी विनविले आणि सेनेका पुन्हा पूर्ववत जेवू लागला. वृद्धपणी एका पत्रात त्याने हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच सुमारास ओव्हिड या रोमन कवीने आपल्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पंधराव्या सर्गात पायथागोरसच्या तोंडी मांसाहाराविरुद्ध दीर्घ भाषण घातले. पुढे युरोपातील सुशिक्षितांना पायथागोरस कळला तो बव्हंशी या काव्यातून. १५६७ मध्ये त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर झाले आणि नाटकांतही त्यावर विनोद होऊ लागले.

सतराव्या शतकात लंडनच्या टॉमस ट्रायॉन या टोप्या विकणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र हा विषय थट्टेचा ठेवला नाही. त्याने मांस सोडले, त्यावर ग्रंथ लिहिले आणि १६८३ मध्ये हिंदुस्थानातील एक ब्राह्मण आणि एक फ्रेंच गृहस्थ यांच्यातील काल्पनिक संवाद रचून युरोपच्या आचाराला आरसा दाखविला. त्याचे पुस्तक अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती पडले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मांस सोडल्याने जेवणखर्चाचे पैसे वाचले आणि त्यांतून पुस्तके घेता आली, याचा त्याला मोठा आनंद. पुढे एका समुद्रप्रवासात खलाशांनी कॉड मासे धरले. तळणीचा वास सुटला. मोठ्या माशाच्या पोटातून लहान मासे निघालेले त्याने पाहिले, आणि हे एकमेकांना खातात तर आपण का खाऊ नयेत, असा युक्तिवाद करून तोही जेवायला बसला. मनुष्याला बुद्धी असणे किती सोयीचे, हवे त्या कृत्याला तीवर कारण शोधता येते, असा शेरा त्याने आत्मचरित्रात स्वतःवरच मारला आहे.

अठराव्या शतकात शब्दाचा अर्थ हळूच सरकला. फ्लॉरेन्सचे वैद्य अंतोनियो कोक्की यांनी १७४३ मध्ये ‘पायथागोरियन आहार’ याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ताज्या भाज्या, फळे आणि दूध यांनी रोग, विशेषतः स्कर्व्ही, कसे दूर होतात हे त्यांनी मांडले. पुनर्जन्माची शिकवण हे सामान्य लोकांसाठी सांगितलेले कारण, खरा हेतू आरोग्याचा, असे पायथागोरसविषयी त्यांचे मत होते. दोन वर्षांत पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. पायथागोरियन म्हणजे आत्म्याची भाषा बोलणारा, हा अर्थ मागे पडून पथ्य पाळणारा, हा अर्थ पुढे आला. १८१३ मध्ये शेली या कवीने नैसर्गिक आहाराचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली, तीत करुणा आहे, पण आरोग्याचा युक्तिवादच अधिक जागा व्यापतो.

३० सप्टेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील रॅम्सगेट येथील एका जलचिकित्सालयात सभा भरली आणि व्हेजिटेरियन सोसायटीची स्थापना झाली. हा नवा शब्द त्याआधी पाच-सहा वर्षांपासून छापील मजकुरात दिसू लागला होता. संस्थापकांत सॅलफर्डच्या बायबल ख्रिश्चन पंथाचे अनुयायी बरेच होते. पुनर्जन्म शिकविणाऱ्या ग्रीकाचे नाव मिरविणे त्यांना गैरसोयीचे वाटले असेल, असा तर्क करणे कठीण नाही. कारण काहीही असो, परिणाम दूरगामी झाला. जुन्या शब्दात माणूस होता, गुरू होता, काही नियम होते. नव्या शब्दात भाजी होती. ‘जैन’ हा शब्द ‘जिन’ म्हणजे ज्याने विकार जिंकले त्याच्यापासून येतो, तो व्यक्तिनामही नाही आणि पदार्थनामही नाही. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना पाच अणुव्रतांबरोबर मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग गणला. काय खातो हे तेथे विचारलेले नाही. काय सोडले, हे सांगितले आहे.

शब्दाला पदार्थाचे नाव लाभले की लगेच व्याख्येचा वाद सुरू होतो. मासळी चालेल का? अंडे? दूध? नव्या संस्थेने अंडी आणि दूध ऐच्छिक ठेवले. तेही ज्यांना मान्य नव्हते, त्यांतील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा आणखी एक शब्द काढला. भारतात पाकिटावरील हिरव्या खुणेत दूध बसते, अंडे बसत नाही. इंग्लंडमध्ये त्याच नावाखाली अंडे बसते. परदेशी शिकणाऱ्या मुलामुलींना याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात येतो.

असाच एक विद्यार्थी १८८८ मध्ये राजकोटहून लंडनला गेला. निघण्यापूर्वी आईच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मोहनदास गांधींना मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा दिली होती. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचल्यावर ते स्वेच्छेने शाकाहारी झाले. नंतर हॉवर्ड विल्यम्स यांचा आहारनीतीवरील ग्रंथ त्यांनी वाचला, ज्यात पायथागोरसपासून पुढच्या साऱ्या विचारवंतांना या पंथात आणून बसविले होते. पण याच शाकाहारी मंडळींत त्यांना मांसाच्या तीन व्याख्या भेटल्या. एकीत मांस म्हणजे पशुपक्ष्यांचेच, म्हणजे मासे व अंडी मोकळी. दुसरीत मासेही वर्ज्य, अंडी मोकळी. तिसरीत अंडी आणि दूध दोन्ही वर्ज्य. पहिली मानली असती तर लंडनचे जेवण पुष्कळ सुखाचे झाले असते, आणि गांधींनी काही काळ अंडी घेऊनही पाहिली. मग त्यांनी ठरविले की प्रतिज्ञा ज्या आईपुढे घेतली, तिच्या मनातील अर्थच बांधील. पुतळीबाईंच्या मांस या शब्दात अंडे येत होते. त्यांनी अंडी सोडली आणि परक्या घरी समोर आलेल्या पक्वान्नात अंडे आहे का, हे विचारण्याचा संकोचही पत्करला.

पुढे त्यांच्यापुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. दुधाने विकार वाढतात, हे त्यांनी प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून ऐकले होते. गायी-म्हशींना दिल्या जाणाऱ्या यातनांच्या हकीकतीही वाचल्या. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या जीवघेण्या आजारानंतर दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची आठवण करून दिली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, हा आधार घेऊन त्यांनी ते घेतले. या वेळी मात्र शब्दाने वाट दिली आणि भावाने दिली नाही. व्रताचे अक्षर राखले, आत्मा मारला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. शेळीचे दूध त्यानंतर त्यांच्या आहारातून सुटले नाही.